दारातला बांध

"आणखी एक पाऊल पुढे टाकलंस ना, तर हा ट्रॅक्टर तुझ्या अंगावर घालीन," ओन्नी म्हणाला, आणि तो नुसता म्हणत नव्हता.

व्हर्नर रस्त्यावर, छातीएवढ्या उंच बर्फाच्या बांधाशी फावडं घेऊन उभा होता. बांधाच्या पलीकडे, घराच्या बाजूला, त्याचा सख्खा धाकटा भाऊ बागेच्या छोट्या ट्रॅक्टरवर बसला होता. ट्रॅक्टरच्या पुढे लावलेल्या यंत्राची लोखंडी पाती गरगर फिरत होती, वरच्या नळ्यातून बर्फाचा फवारा कुंपणावर आदळत होता, मागच्या चाकांच्या साखळ्या खणखणत होत्या... आणि त्याच्याही मागे, शंभर पावलांवर, स्वयंपाकघराच्या खिडकीत आई उभी होती. अंगात कोट, डोक्याला रुमाल, हाताशी छोटी पिशवी. सव्वाआठ वाजले होते, आत्ता कुठे उजाडत होतं. अकरा वाजता तिला दोन तासांवरच्या मोठ्या इस्पितळात पोचायचं होतं, हृदयाच्या झडपेच्या ऑपरेशनसाठी. तीन महिने वाट पाहून मिळालेली तारीख. ती चुकली तर पुढची एकदम उन्हाळ्यात, आणि उन्हाळ्यापर्यंत ते हृदय तग धरील असं कुणीही म्हटलं नव्हतं. व्हर्नरला हे सगळं चर्चमधल्या बायकांकडून कळलं होतं. सख्ख्या आईच्या ऑपरेशनची बातमी कॉफीच्या रांगेत उभं राहून ऐकावी लागणं काय असतं, ते ज्याच्यावर बेततं त्यालाच ठाऊक.

किवनॉ द्वीपकल्पाच्या या टोकाला एका हिवाळ्यात माणसाच्या चौपट उंचीचा बर्फ पडतो, आणि माणसाची पारख त्याच्या दारातल्या वाटेवरून होते. आपण पहाटे उठून वाट साफ करावी, तेवढ्यात रस्तेखात्याचा ट्रक यावा आणि रस्त्यावरचा सगळा बर्फ आपल्या वाटेच्या तोंडावर लोटून चालता व्हावा. तो बर्फही भुसभुशीत नव्हे. मीठ-वाळू खाल्लेला, चेचलेला, गोठून दगड झालेला. असा बांध पडला की ट्रकवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो.

लाम्पिनेनांच्या, म्हणजे व्हर्नरच्या आईच्या, दारात मात्र बारा वर्षांत एकदाही बांध पडला नव्हता. "आमच्या म्हाताऱ्यानं जागाच अशी हेरली," ओन्नी शेजारच्या तुओमेलाबाईंना मान ताठ करून सांगायचा, "वळणावर ट्रकचा बर्फ आपसूक पुढे सरकतो." आपसूक कसला सरकतोय... हा रस्ता बारा वर्षं चौदा नंबरच्या ट्रकचा होता, आणि चौदा नंबरवर व्हर्नर होता. आईचं दार जवळ आलं की तो ट्रक अगदी हळू करायचा, पुढचं पातं फिरवून सगळा ढीग पोटाशी धरायचा, वळण ओलांडून बर्चच्या झाडांपाशी नेऊन टाकायचा. नियमात बसत नव्हतं. कुणाला सांगण्यासारखंही नव्हतं. ज्या घराचा उंबरठा ओलांडायला बंदी, त्या घराची एवढीच सेवा त्याच्या हातात उरली होती, आणि ती तो व्रतासारखी करत आला होता.

बदल्यात काय मिळायचं? चौदा नंबर दिसला की ओन्नी ट्रॅक्टरचा नळा रस्त्याकडे वळवायचा आणि बर्फाचा अख्खा फवारा ट्रकच्या काचेवर मारायचा. व्हर्नर काच पुसणारे दांडे सुरू करायचा आणि निघून जायचा. भावाभावांची गाठभेट ती एवढीच.

गेल्या आठवड्यात कुणीतरी तक्रार केली, की या एकाच घराचं एवढं कौतुक कशाला. साहेबानं व्हर्नरचा रस्ता काढून दुसऱ्याला दिला. नव्या माणसानं कालच्या वादळानंतर नियमाप्रमाणे काम केलं आणि बारा वर्षांत पहिल्यांदा लाम्पिनेनांच्या दारात बांध पडला, तोही नेमका आज. व्हर्नर सात वाजल्यापासून आपल्या पिकअपच्या दिव्याच्या उजेडात तो फोडत होता. एका बाजूनं कमरेएवढी खाच पाडून झाली, आणि ओन्नी घराकडून वाट कापत समोर येऊन ठेपला.

"आजच साधलंस," ओन्नी म्हणाला. "बारा वर्षं दबा धरून बसलास आणि आज डाव साधलास. तिची तारीख आहे हे कळलं असेलच तुला."

"कळलं म्हणून तर आलो. काल माझा ट्रक नव्हता, ओन्नी."

"चौदा नंबर तुझाच आहे ना? नव्हता म्हणे."

"भांडण नंतर कर. हवं तर मला हाण, पण नंतर. तू तिकडून खण, मी इकडून खणतो. अर्ध्या तासात गाडी बाहेर निघेल."

"तुझ्या हातानं माझ्या दारातलं ढेकूळसुद्धा हलायचं नाही." ओन्नीनं उजवा हात वर केला. लोकरीच्या त्या जाड मोज्यात फक्त अंगठा होता. बाकीची चार बोटं म्हणजे आईनं शिवून भरलेली लोकर होती. "मदतीचा हात म्हणे... तू कुणाला हात देतोस रे?"

आणि त्यानं गिअर टाकून ट्रॅक्टर सरळ बांधावर घातला.

तो लहानसा ट्रॅक्टर. उन्हाळ्यात गवत कापायचं, हिवाळ्यात ताजा बर्फ उडवायचा, एवढाच त्याचा जीव. गोठलेल्या बांधावर तो आदळला, पाती करकरली, ढेकळं उडून व्हर्नरच्या कपाळावर बसली. ओन्नीनं मागे घेतला, पुन्हा आदळला. पुन्हा मागे, पुन्हा पुढे... जणू समोर बर्फ नव्हताच, बारा वर्षं साठवलेला द्वेष होता आणि आज तो फोडायचाच होता. चौथ्या धडकेला काहीतरी कडाडलं आणि पाती जागच्या जागी थिजली. नळा बर्फानं गच्च भरला होता. ओन्नी शिवी हासडून खाली उतरला. तो बैठकीवरून उठताच मोटार बंद पडली, जशी पडायला हवी तशी. तो नळ्यावर वाकला.

"ओन्नी, हात घालू नकोस."

व्हर्नरच्या तोंडून ते निघून गेलं. विचार करून बोलला असता तर जीभ चावली असती. पण बारा वर्षं ज्या एका क्षणापाशी रोज झोपेत तो हे वाक्य ओरडत आला होता, तो क्षण डोळ्यांसमोर पुन्हा उभा राहिला होता...

ओन्नी सावकाश सरळ झाला. "काय म्हणालास?"

व्हर्नरनं हातातलं फावडं खाली ठेवलं.

"तू मला शिकवतोस? तू?"

ओन्नीनं ट्रॅक्टरच्या बाजूला अडकवलेलं फावडं उपसलं, खाचेतून उडी घेऊन तो पलीकडे आला आणि डाव्या हातानं त्यानं दांडा जो फिरवला तो व्हर्नरच्या खांद्यावर, पूर्वी मोडलेल्या हाडावर बसला. दुसरा घाव जबड्यावर बसला. व्हर्नर गुडघ्यांवर आला. तोंडातलं रक्त बर्फावर पडलं, तांबडं आणि वाफाळतं. ओन्नीनं मानगूट धरून त्याचं तोंड बर्फात दाबलं, गुडघा पाठीत रोवला. व्हर्नर अंगानं त्याच्या दीडपट. मनात आणलं असतं तर त्यानं भावाला उचलून झाडीत भिरकावलं असतं. त्यानं हाताची मूठसुद्धा वळली नाही.

असाच मार त्यानं याच खांद्यावर एकदा खाल्ला होता, वडिलांच्या हातचा. बारा वर्षांपूर्वीच्या त्या हिवाळ्यात यालमारचा, म्हणजे वडिलांचा, खुबा मोडला होता. म्हातारा खिडकीशी खुर्ची टाकून बसायचा आणि बाहेर ट्रॅक्टरवर राबणाऱ्या आईवर खेकसायचा. नळा दर पाच मिनिटांनी तुंबे, तो मोकळा करायला ती उतरे, ती उतरली की बैठकीखालचं बटण सुटून मोटार बंद पडे, आणि थंडीत ती पुन्हा सुरू होता होत नसे. "बाईमाणसाला एक यंत्र सांभाळता येत नाही," म्हातारा काच ठोठावून म्हणायचा. एका सकाळी आईनं केसातला आकडा काढला आणि बैठकीखालच्या दोन तारांमध्ये खुपसून दिला. मग ती उतरली तरी मोटार चालूच राहिली. इथल्या दहांतल्या पाच घरांत हीच युक्ती करतात, आणि दहाही घरं नाही म्हणून शपथ घेतात. दुपारी तिला फोन आला, ती आत गेली आणि आकडा तिथेच राहिला. उरलेली वाट साफ करायला एकोणीस वर्षांचा ओन्नी बसला. संध्याकाळी नाचघरात त्याला अकॉर्डियन वाजवायचं होतं. पंचक्रोशीत त्याच्यासारखी बोटं नव्हती, पुढच्या महिन्यात तो शहरातल्या वाद्यवृंदात जाणार होता. कानांवर आवाज अडवणारी टोपणं, मनात घाई. नळा तुंबला, पाती अडकून थांबली. उतरलं की सगळं बंद पडतं, ही त्याची लहानपणापासूनची सवय. त्यानं हात आत घातला. बर्फ सुटला आणि पाती फिरली...

किंकाळी ऐकून आधी धावला तो व्हर्नर. त्यानं भावाचं मनगट आपल्या पट्ट्यानं करकचून बांधलं, त्याला गाडीत घातलं, आणि मोटार बंद करताना बैठकीखाली आईचा आकडा पाहिला. मान वर केली तर खिडकीत आई होती. तिचा चेहरा पाहून त्याला सगळं कळलं. त्यानं आकडा काढून खिशात टाकला आणि शेडमधल्या तारेचा तुकडा तिथे अडकवला. रात्री कुबड्या टेकत बाप गरजला, "कुणी केलं हे?" तेव्हा तो म्हणाला, "मी."

दांडा मोडेपर्यंत बाप मारत होता. खांद्याचं हाड मोडलं, आणि त्याच रात्री घर सुटलं. ओन्नी शुद्धीवर येईल तेव्हा त्याला द्वेष करायला कुणीतरी लागणारच होतं. भावाचा द्वेष करून माणूस जगू शकतो, पण आईचा द्वेष करून कसा जगेल? पंचवीस वर्षांच्या व्हर्नरनं एवढाच हिशेब केला होता. चार वर्षांपूर्वी बाप वारला, तेव्हाही तो दफनभूमीच्या कुंपणाबाहेर टोपी काढून उभा राहिला आणि परत गेला.

"बोल ना," ओन्नी आता रडत मारत होता. "एकदा तरी बोल. त्या दिवशी तार का घातलीस? मला का नाही सांगितलंस? माफीसुद्धा कधी मागितली नाहीस तू..."

"सोड त्याला, ओन्नी."

आई बांधाशी येऊन पोचली होती. कापलेल्या वाटेनं शंभर पावलं ती चालत आली होती, जिला अलीकडे जिना चढवत नव्हता ती. रुमाल वाटेत कुठेतरी पडला होता, पांढरे केस वाऱ्यावर सुटले होते, आणि ती खाचेत हात टेकून श्वास गोळा करत होती.

"आई, आत जा. थंडी बाधेल."

"सोड त्याला. मारायचंच असेल तर मला मार." तिचा आवाज बारीक होता पण कापत नव्हता. "तार नव्हती ती. माझा आकडा होता, केसातला. मीच खुपसला आणि मीच विसरले."

ओन्नीचा हात थांबला. "खोटं बोलतेस. बाबांना तार सापडली होती, मला दाखवली होती."

"ती यानं घातली. मी खिडकीतून बघत होते. माझा आकडा काढून खिशात टाकला, तार घातली आणि मी केलं म्हणाला. बापानं त्याला मारलं तेव्हा मी दाराआड उभी होते, तोंडात ॲप्रन कोंबून. तेव्हा तुझ्या बापाची भीती वाटली. तो गेल्यावर तुझी वाटली. आज टेबलावरून उठेन की नाही ठाऊक नाही. हे पोटात घेऊन मला मरायचं नाही रे."

"आई, पुरे," बर्फातून व्हर्नर म्हणाला. बारा वर्षं जपलेलं एकुलतं एक धन कुणी चव्हाट्यावर उधळावं, तशी त्याची तगमग झाली.

"पुरे कसं? आणि हा बांध... ओन्नी, इतकी वर्षं आपल्या दारात बांध का पडला नाही? वळणामुळे? मी रोज खिडकीत असते. दारापाशी आला की याचा ट्रक गोगलगाय होतो. सगळं पोटाशी घेऊन पलीकडे नेऊन टाकतो. तू त्याच्या काचेवर बर्फ मारतोस, तेव्हासुद्धा."

ओन्नी उठून उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं, आणि मग एकदम जे आलं ते पाहून व्हर्नर बर्फातून उठू लागला. खाली पडलेलं फावडं त्यानं पुन्हा उचललं होतं.

"माझी बोटं तू घेतलीस," तो आईला म्हणाला, "आणि बारा वर्षं त्याच हाताला मोजे शिवलेस. रोज सकाळी समोर कॉफी ठेवलीस... आणि मी याला..."

फावडं वर गेलं. तो आईवर उगारत होता, की ट्रॅक्टरवर, की आभाळावर, ते त्यालाही सांगता आलं नसतं. पण व्हर्नरनं ते सांगण्याची वाट पाहिली नाही. उभ्या जन्मात ज्यानं भावावर हात टाकला नव्हता, त्यानं आता टाकला, आणि सगळ्या अंगाचं बळ लावून टाकला. ओन्नी बांधावर आपटून खाली कोसळला. नाकातून रक्ताची धार लागली.

"मला मार," व्हर्नर धापा टाकत म्हणाला. "जन्मभर मार. तिच्यावर उगारलास तर याच बर्फात गाडीन तुला."

ओन्नीच्या उजव्या हाताचा मोजा गळून पडला होता. बिनबोटांचा तो पंजा, लालसर, जुन्या टाक्यांचा, उघडा बर्फावर पडला होता. बारा वर्षांत त्यानं तो आईच्या नजरेला पडू दिला नव्हता. जेवतानाही मांडीवर रुमालाखाली असायचा. आता तो झाकायचं त्याला सुचलं नाही. तो नुसता हमसून हमसून रडत होता, लहानपणी पडल्यावर रडायचा तसा.

मागे काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. आई ट्रॅक्टरच्या बैठकीवर बसली होती, नव्हे, कोसळली होती. एका हातानं तिनं छाती धरली होती.

ओन्नीनं तिच्याकडे पाहिलं.

"दादा," तो म्हणाला, "हिचे ओठ निळे पडलेत."

दादा. व्हर्नरला ती हाक ऐकू आली आणि तिच्यावर विचार करायला वेळ नव्हता. पावणेनऊ होऊन गेले होते. ट्रॅक्टर मोडून बांधात रुतलेला, आईची गाडी वर घरापाशी अडकलेली, आणि रस्त्यावर व्हर्नरची पिकअप सुरूच होती.

"बांध आता फुटत नाही," व्हर्नर म्हणाला. "तिला वरून घेऊ. मी आत येतो, उचलतो, तू..."

"तू तिथंच थांब. तुझा खांदा गेलाय. मी देतो, तू घे."

"तुझा हात..."

"हाताचं मी बघतो."

ओन्नी खाचेतून आत गेला. आईपाशी तो क्षणभर नुसता उभा राहिला. तिनं त्याच्याकडे मान वर करून पाहिलं नाही, एवढी ताकद तिच्यात नव्हती, की धीर नव्हता. मग त्यानं डावा हात तिच्या गुडघ्यांखाली घातला आणि उजवा, तोच उघडा पंजा, तिच्या पाठीखाली, आणि तिला उचललं. बांधाच्या खाचेवर तो पोटानं टेकला. पलीकडून व्हर्नरनं हात पसरले. मोडक्या खांद्यातून कळ मस्तकात गेली, पण त्यानं हात खाली घेतले नाहीत. आई बांधावरून एका मुलाच्या हातांतून दुसऱ्याच्या हातांत आली. मधे क्षणभर ती दोघांच्याही हातांत होती.

पिकअपमध्ये ती मधोमध बसली, आजूबाजूला दोघे. गाडी भरधाव निघाली. हवा उबदार झाली तशी तिच्या ओठांची निळाई थोडी उतरली. व्हर्नरचा जबडा सुजून डबल झाला होता, ओन्नीच्या नाकात रुमालाचे बोळे होते. इस्पितळात आधी कुणाला टेबलावर घ्यायचं असा डॉक्टरांना प्रश्नच पडला असता.

तळ्यावरून सूर्य वर आला आणि उजेड थेट डोळ्यांवर पडला. ओन्नीनं काचेवरची ऊन अडवायची झडप खाली ओढली. झडपेत खोचलेल्या कागदांच्या कडेला एक केसाचा आकडा अडकवलेला होता. काळा, गंजलेला, मधेच वाकलेला.

ओन्नीनं तो काढून तळहातावर घेतला. दोन-तीन मैल तो नुसता पाहत राहिला.

"टाक तो बाहेर," आई पुटपुटली.

त्यानं टाकला नाही. दातांत धरून आकडा सरळ केला. मग उजव्या हाताच्या अंगठ्यानं तिच्या विस्कटलेल्या केसांची बट जमेल तशी गोळा करून कानामागे धरली आणि डाव्या हातानं आकडा खोचला. एकदा सुटला. त्यानं पुन्हा खोचला.

"केस मोकळे सोडून इस्पितळात जाणार आहेस का?" तो म्हणाला.

आईनं तो बिनबोटांचा पंजा आपल्या दोन्ही हातांत घेतला, मांडीवर ठेवला आणि त्यावरून हळूहळू हात फिरवत राहिली. बारा वर्षांत जे विचारण्याचा तिला धीर झाला नव्हता ते तिनं आता विचारलं.

"दुखतं का रे अजून?"

"थंडीत दुखतं," ओन्नी म्हणाला.

व्हर्नरनं रस्त्यावरची नजर न हलवता गाडीतला हीटर वाढवला.